शेत एकच, बाजार चार : आपल्या वेबसाइटकडे वाचक कसे आणायचे?



मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हे बघा किती छान आहे. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाका ना." मी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. अपूर्णांकांच्या बेरजेत मुलं कुठे चुकतात, यावरचा तो लेख माझाच होता. शब्द न् शब्द माझा. फक्त खालचं नाव गेलं होतं, आकृत्या गेल्या होत्या आणि शेवटचे दोन परिच्छेदही फिरता फिरता गळून पडले होते. मुलांची चूक दुरुस्त कशी करायची, हे नेमकं त्या दोन परिच्छेदांत होतं.

नाव गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या आईच्या हातात अर्धाच लेख पडला होता, याचं जास्त वाईट वाटलं. मुलगी कुठे चुकते हे तिला कळलं, पुढे काय करायचं ते कळलं नाही. म्हटलं, मूळ लेखाची लिंक पाठवू. शोधायला गेले तर ज्या मोफत जागेवर तो लेख टाकला होता, तिथलं माझं खातंच उघडेना. जुना ईमेल बंद, जुना मोबाइल नंबर बदललेला. तीन वर्षांचे लेख आत आणि मी बाहेर!

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. आपल्यापैकी बरेच जण पाठांवरचे लेख, निबंध, कृतिपत्रिका लिहितात. कुणी एका प्लॅटफॉर्मवर टाकतं, कुणी चार ठिकाणी. पण हे सगळं एकमेकांशी जोडायचं कसं, आणि त्यातून वाचक आपल्या स्वतःच्या वेबसाइटवर आणायचा कसा, याचा विचार फारसा होत नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी शेत, मग बाजार

शेतकरी चार गावच्या आठवडी बाजारांत माल घेऊन जातो. सोमवारी इथे, गुरुवारी तिथे. पण म्हणून तो शेत बाजारात नेत नाही. शेत त्याचं स्वतःचं, सातबारा त्याच्या नावावर. लेखनाचंही तसंच आहे. आपली वेबसाइट म्हणजे शेत आणि बाकीचे ब्लॉगिंग प्लॅटफॉर्म म्हणजे बाजार. बाजारात गर्दी असते, ओळखी होतात, म्हणून तिथे जायलाच हवं. पण बाजाराची जागा आपली नसते. तो कधी हलेल, कधी बंद होईल, हे आपल्या हातात नाही.

हे उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. जिओसिटीज नावाच्या मोफत जागेवर एकेकाळी लाखो लोकांनी आपली पानं उभारली होती. २००९ साली ती सेवा जवळपास सगळीकडे बंद झाली. पोस्टरस हा ब्लॉगिंग प्लॅटफॉर्म २०१३ मध्ये बंद झाला. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेलं ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये. यांतल्या बहुतेकांनी आधी सूचना दिली होती, पण ती सूचना ज्या ईमेलवर आली तो ईमेल आपण बघतोच असं नाही. माझ्या बाबतीत तर प्लॅटफॉर्म जागेवरच होता, किल्ली मात्र माझ्याकडून हरवली होती.

मग 'स्वतःची वेबसाइट' म्हणजे नक्की काय? खूप खर्च आणि खूप तंत्रज्ञान, असं समजू नका. दोन गोष्टी आपल्या हव्यात. पहिली, वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन. ते दरवर्षी थोडे पैसे भरून आपल्या नावावर नोंदवता येतं. दुसरी, सगळ्या मजकुराची प्रत आपल्याजवळ. एवढं असेल तर वेबसाइट आतून कशावर चालते, हा नंतरचा प्रश्न. ब्लॉगरवरच्या मोफत ब्लॉगलाही स्वतःचं डोमेन जोडता येतं. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे जायचं ठरवलं, तरी नाव आपल्यासोबत येतं आणि वाचकाला जुनाच पत्ता लक्षात राहतो. डोमेन मात्र स्वतःच्या खात्यावर नोंदवा. वेबसाइट बनवून देणाऱ्या भाच्याच्या किंवा दुकानदाराच्या खात्यावर नको.

कोणत्या बाजारात कोण येतं?

प्रत्येक प्लॅटफॉर्मचा स्वभाव वेगळा असतो. तो ओळखला नाही तर मेहनत वाया जाते.

१) ब्लॉगर : १९९९ साली सुरू झालेली ही जुनी सेवा २००३ मध्ये गूगलने घेतली. मोफत, सोपी, मराठी शिक्षकांमध्ये सगळ्यात ओळखीची. पण इथे 'आतला' वाचक फारसा मिळत नाही. एका ब्लॉगवरून दुसऱ्या ब्लॉगवर लोक आपोआप जात नाहीत. इथे वाचक येतो तो मुख्यतः सर्चमधून किंवा कुणी लिंक पाठवली तर.

२) वर्डप्रेस : यात दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. वर्डप्रेस हे मोफत सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं. ते आपण जागा भाड्याने घेऊन स्वतःच्या वेबसाइटवर बसवू शकतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही २००५ पासूनची तयार सेवा आहे. तिथे मोफत खातं उघडता येतं, पण मोफत खात्यावर त्यांच्या जाहिराती दिसतात. तिथे वाचकांना ब्लॉग 'फॉलो' करता येतो, त्यामुळे थोडा आतला वाचकही मिळतो.

३) मीडियम : ब्लॉगरच्या संस्थापकांपैकी एक, इव्हान विल्यम्स यांनीच २०१२ मध्ये हे सुरू केलं. इथे वाचनासाठीच आलेले लोक भेटतात, पण मुख्यतः इंग्रजी वाचणारे. एखादा वर्गप्रयोग इंग्रजीत लिहिण्याची आवड असेल तर ही जागा चांगली. मराठी निबंधासाठी मात्र नाही.

४) सबस्टॅक : २०१७ पासूनची सेवा. इथे लेख थेट वाचकाच्या ईमेलवर जातो. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्या ईमेलची यादी लेखकाला उतरवून घेता येते, हा याचा मोठा फायदा. पण आपल्या पालकवर्गात रोज ईमेल बघणारे किती, हे आपल्यालाच माहीत!

५) मराठी समूह-संकेतस्थळं : १९९६ पासून चालू असलेली मायबोली, तसंच मिसळपाव. इथे जगभरचा मराठी वाचक असतो. पुण्यातली आजी, अमेरिकेत मुलांना मराठी शिकवणारी आई, निवृत्त शिक्षक, सगळे. इथले लोक मनापासून वाचतात आणि चुकलं तर तोंडावर सांगतात. पण फक्त लिंक टाकून पळून गेलेलं त्यांना आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. या घरी जायचं तर बसून चार शब्द बोलायला हवेत.

६) प्रतिलिपी : इथे कथा-कादंबऱ्यांचा वाचक मोठा आहे. बोधकथा, बालकथा लिहिणाऱ्यांना उपयोगी. भूमितीचा पाठ इथे कुणी शोधणार नाही.

आता लगेच सगळीकडे खातं उघडायला धावू नका. शाळा, शाळाबाह्य कामं, घर हे सगळं सांभाळून आपल्याला लिहायचं आहे. सुरुवातीला स्वतःची वेबसाइट आणि जास्तीत जास्त दोन बाजार पुरेत. ओसाड पडलेले पाच ब्लॉग असण्यापेक्षा चालते दोन बरे.

एकच लेख सगळीकडे चिकटवायचा का?

नाही. ही चूक मीही केली होती.

वाटतं असं की चार ठिकाणी टाकला तर चौपट वाचक. पण तोच मजकूर गूगलला चार पत्त्यांवर सापडला की तो त्यातला बहुधा एकच पत्ता निवडून निकालांत दाखवतो. अनेक जण सांगतात की यासाठी गूगल 'शिक्षा' करतं. फसवणुकीचा हेतू नसेल तर साधारणपणे तसं होत नाही. तोटा वेगळाच आहे. चारपैकी कोणता पत्ता दाखवायचा, ही निवड आपल्या हातात राहत नाही. आपली वेबसाइट नवी असेल आणि दुसरी जागा जुनी, मोठी असेल, तर वाचक तिकडेच जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे शेत आपलं आणि पीक दुसऱ्याच्या अंगणात!

यावर एक तांत्रिक उपाय आहे. २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'कॅनॉनिकल' नावाची खूण आणली. पानाच्या आतल्या भागात ती असते आणि सर्चला सांगते की मूळ लेख अमुक पत्त्यावर आहे. मीडियमवर लेख 'इम्पोर्ट' करून आणला तर ही खूण आपोआप लागते, हाताने चिकटवला तर लागत नाही. पण ही खूण म्हणजे विनंती असते, हुकूम नव्हे. सर्च इंजिन ती मानेलच असं नाही. आणि ब्लॉगरसारख्या ठिकाणी दुसऱ्या वेबसाइटकडे बोट दाखवणारी खूण लावायची तर थीमच्या कोडमध्ये हात घालावा लागतो. ते आपल्याला झेपेलच असं नाही.

म्हणून सोपा आणि खात्रीचा मार्ग असा : एकाच विषयावर प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहायचं. पूर्ण लेख फक्त आपल्या वेबसाइटवर. बाकी ठिकाणी त्यातला एकेक तुकडा, त्या जागेच्या वाचकाला साजेल असा आणि स्वतःपुरता पूर्ण. लेख आधी वेबसाइटवर टाकायचा, तो सर्चमध्ये दिसू लागला की मगच बाकीचे तुकडे बाहेर काढायचे.

एक उदाहरण करून बघू

तोच माझा अपूर्णांकांचा लेख घेऊ. पाचवीची मुलं १/२ + १/३ चं उत्तर बऱ्याचदा २/५ असं लिहितात. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. आता गंमत बघा. २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे. म्हणजे अर्ध्या भाकरीत अजून भाकरी घातली आणि भाकरी कमी झाली! मुलाला हा प्रश्न विचारला की त्याचं तोच थांबतं. खरं उत्तर ५/६. अर्धी भाकरी म्हणजे सहापैकी तीन तुकडे, तिसरा भाग म्हणजे सहापैकी दोन तुकडे, मिळून पाच.

या एका विषयाचे मी असे भाग केले :

- स्वतःची वेबसाइट : पूर्ण लेख. मुलं अशी का चुकतात, भाकरीची कृती, कागदाच्या पट्ट्यांची कृती, आकृत्या, सरावाची दहा गणितं आणि उत्तरं.
- ब्लॉगरवरचा ब्लॉग : फक्त कागदाच्या पट्ट्यांची कृती. साहित्य काय, घड्या कशा घालायच्या, तासिकेत किती वेळ लागतो. शेवटी एक ओळ : मुलं ही चूक का करतात आणि भाकरीने ती कशी सुटते, ते इथे वाचा. त्याखाली लिंक.
- मराठी समूह-संकेतस्थळ : वर्गात घडलेला प्रसंग, गप्पांच्या भाषेत. "भाकरी कमी कशी झाली?" या प्रश्नावर वर्गात काय दंगा झाला ते. पालकांना वाचायला मजा येईल असं. सरावाची गणितं हवी असतील त्यांच्यासाठी लिंक.
- व्हॉट्सअ‍ॅप : तीनच ओळी. "मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलंय. चूक आहे हे कळतं, पण त्याला 'चूक' न म्हणता कसं समजावाल?" आणि खाली लिंक.

बघा, कुठेही उगाच अर्धवट सोडून वाचकाला ओढलेलं नाही. ब्लॉगवरची कृती वाचून शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊ शकतो. ज्याला आणखी हवं तोच वेबसाइटवर येतो, आणि असा आलेला वाचक टिकतो. 'पुढे काय झालं ते जाणून घेण्यासाठी क्लिक करा' या पद्धतीने आलेला वाचक चिडून परत जातो आणि पुढच्या वेळी लिंक उघडतच नाही.

लिंक कशी द्यायची?

- लिंक वेबसाइटच्या पहिल्या पानाची नको, त्या लेखाचीच द्या. घरी बोलावून पाहुण्याला फाटकातच उभं केलं तर तो आत कशाला शिरेल?
- 'येथे क्लिक करा' यापेक्षा 'अपूर्णांकांच्या बेरजेची दहा सरावगणितं' असं लिहून त्या शब्दांना लिंक लावा. वाचकालाही कळतं आणि सर्चलाही.
- एका लेखात एक, फार तर दोन लिंका. दहा लिंका दिल्या की एकही उघडली जात नाही.
- उलट बाजूनेही जोडा. वेबसाइटच्या 'माझ्याविषयी' पानावर तुमच्या सगळ्या ब्लॉगांची यादी द्या. म्हणजे हे सगळं एकाच शिक्षकाचं आहे, हे वाचकाला दिसतं.
- सगळीकडे नाव आणि फोटो एकच ठेवा. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसरीकडे 'ज्ञानदीप', तिसरीकडे 'गुरुकृपा', असं केलं तर आपली ओळख तयार होतच नाही.

वाचक कुठून आला हे बघायचं असेल तर वेबसाइटची आकडेवारी बघा. पण एक लक्षात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला वाचक तिथे बहुतेक वेळा 'डायरेक्ट' या नावाखाली दिसतो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपचा काही उपयोग नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रत्येक ठिकाणच्या लिंकच्या शेवटी वेगळी खूण जोडली, म्हणजे ज्याला यूटीएम म्हणतात ती, तर हा घोळ सुटतो. तयार करून देणारी मोफत साधनं आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास चार गोष्टी

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात या गोष्टी सापडत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

पहिली, पत्त्याची गंमत. ब्लॉगरवर पूर्ण मराठी शीर्षक दिलं की लेखाच्या पत्त्यात ते उमटत नाही. नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असा पत्ता तयार होतो. वर्डप्रेसवर उलट होतं. मराठी शीर्षक पत्त्यात येतं, पण तो पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची लांबच लांब माळ दिसते. कारण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची तिथे नऊ अक्षरं होतात. नुसत्या 'शाळा' या शब्दाची छत्तीस! अशी लिंक बघून पालकांना वाटतं, काहीतरी व्हायरस आहे. उपाय सोपा : लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता स्वतः, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहा.

दुसरी, फॉन्ट. आपल्यापैकी अनेकांकडे जुने लेख श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते जसेच्या तसे चिकटवले तर सर्चला ते मराठी वाटतच नाहीत. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर एकदा वाचून काढा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

तिसरी, चित्रातला मजकूर. सुंदर रंगीत पार्श्वभूमीवर निबंध लिहून त्याचं चित्र टाकायची आपल्याकडे फार आवड. पण अशा चित्रातला मजकूर सर्चमध्ये सहसा सापडत नाही, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे अडतं. चित्र द्या, पण मजकूर अक्षरांतही द्या.

चौथी, शोधणारे शब्द. मुलं आणि पालक मोबाइलवर 'माझी शाळा निबंध' हेही टाइप करतात आणि तेच रोमन लिपीतही टाइप करतात. म्हणून लेखाच्या पत्त्यात रोमन आणि शीर्षकात देवनागरी असेल तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. 'विद्यार्थ्यांच्या गणितीय संकल्पनांचे दृढीकरण' असं शीर्षक प्रशिक्षणाच्या अहवालात ठीक आहे. पालक मात्र शोधतात 'अपूर्णांकांची बेरीज कशी करायची'.

वेळ पाळली तर निम्मं काम होतं

आपला वाचक शाळेच्या वेळापत्रकाने चालतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना, १५ ऑगस्टच्या भाषणांसाठी, ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनासाठी, ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीसाठी, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी शोध वाढतो. पण लेख आदल्या रात्री टाकून उपयोग नाही. सर्चला तो सापडायला आणि वर यायला वेळ लागतो. तीन-चार आठवडे आधी वेबसाइटवर टाका, दोन आठवडे आधी ब्लॉगवर तुकडा टाका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक शेवटच्या आठवड्यात. पुढच्या वर्षी नवा लेख न लिहिता तोच लेख सुधारा, पत्ता तोच ठेवा. जुन्या पत्त्याला मिळालेला वाचक आणि लिंका वाया जात नाहीत.

हे मात्र करू नका

फक्त लिंका मिळवण्यासाठी दहा पोकळ ब्लॉग उघडू नका. गूगलच्या नियमांत हे बसत नाही. २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला, तेव्हा भरताड मजकुराच्या कितीतरी वेबसाइट एका फटक्यात खाली गेल्या.

दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली 'छान लेख, माझाही वाचा' असं लिहून लिंक चिकटवत फिरू नका. अशा लिंकांना सर्चमध्ये वजन मिळू नये म्हणून २००५ पासूनच 'नोफॉलो' नावाची खूण वापरली जाते. म्हणजे फायदा काहीच नाही आणि नाव खराब.

पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफ आपल्या वेबसाइटवर चढवू नका. बालभारती ती पुस्तकं स्वतः उपलब्ध करून देते, तिथली लिंक द्या. अख्खी कविताही छापू नका. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाचक वाढावेत म्हणून मुलांचे फोटो, पूर्ण नावं, शाळेचा पत्ता टाकू नका. एका ठिकाणी टाकलेला फोटो पुसता येतो, चार प्लॅटफॉर्मवर गेलेला पुसता येत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. मुलाच्या वहीतली चूक दाखवायची असेल तर नाव झाकून फक्त गणिताचा फोटो घ्या. आपल्या लेखाला तेवढाच पुरतो.

कोठार भरून ठेवा

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी एक काम करते. ब्लॉगरच्या सेटिंगमधून 'बॅकअप' आणि वर्डप्रेसच्या टूल्समधून 'एक्स्पोर्ट' घेते. एकेक फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवर आणि घरच्या संगणकावर, अशी दोन ठिकाणी ठेवते. चित्रं वेगळी जपते, कारण या फाइलींत मजकूर असतो, चित्रं असतीलच असं नाही. महत्त्वाच्या लेखांचे पत्ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर देऊन तिथेही प्रत जपून ठेवता येते, तीही मोफत. आणि खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर बदलला की त्याच दिवशी सगळीकडे नवा टाकते. हे शेवटचं वाक्य मी तीन वर्षांचे लेख देऊन शिकले आहे.

पालकांना दोन शब्द

पालकहो, तुम्हाला एखादा लेख आवडला तर मजकूर कॉपी करून पाठवू नका, लिंक पाठवा. लिंकवर गेलं की पूर्ण लेख मिळतो, नंतर केलेली दुरुस्ती मिळते, कुणी लिहिलं ते कळतं. फिरत फिरत आलेल्या मजकुरात काय गळालंय, हे तुम्हाला समजायला मार्ग नसतो.

आणि तयार निबंध मुलांना जसाच्या तसा उतरवायला देऊ नका, अगदी आमचाही. आम्हा शिक्षकांनाही इथे स्वतःला विचारायला हवं. वाचक आणायचे कशासाठी? निबंध उतरवून घेणारे हजार वाचक आले आणि एकाही मुलाने स्वतःचं वाक्य लिहिलं नाही, तर ती गर्दी काय कामाची? म्हणून मी आता पूर्ण निबंधाऐवजी मुद्दे, प्रश्न आणि सुरुवातीच्या दोन-तीन वेगवेगळ्या वाटा देते. वाचक कदाचित कमी येतील, पण येतील ते उपयोगासाठी येतील.

त्या अपूर्णांकांच्या लेखाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. जुनं खातं उघडलं नाही ते नाहीच. पण त्या आईने पाठवलेला मजकूर माझ्याकडे होता. त्यावरून लेख पुन्हा उभा केला, गळालेले परिच्छेद नव्याने लिहिले, आकृत्या पुन्हा काढल्या आणि या वेळी स्वतःच्या वेबसाइटवर टाकला. पहिली लिंक तिलाच पाठवली. दुसऱ्या दिवशी मुलगी डब्यातली भाकरी सहा तुकडे करून घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, पाच तुकडे माझे, एक तुमचा."

तुम्ही कुठे कुठे लिहिता, आणि तुमचा वाचक कुठून येतो, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या लेखात.